आधी नऊ व्होल्ट, मग पावणेतीनशे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या साठेक एलपी माळ्यावरून खाली आल्या. तुम्ही टर्नटेबल घेतलंत, त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या हालचालीतून सिग्नल काढणारा भाग, आहे. आता ईसीसी८३ व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायची तसल्या काचेच्या नळीचा) फोनो प्रीॲम्प, म्हणजे कार्ट्रिजचा इवलासा सिग्नल वाढवणारा डबा, घरीच बांधायचा आणि त्यालाच ३२ ओहमचा हेडफोन लावून रात्री ऐकत बसायचं. आजवर हातून एक बिघडलेला चार्जर दुरुस्त झालाय, एवढाच सोल्डरिंगचा अनुभव. सुरुवात कुठून करू, असं विचारताय.

व्हॉल्व्हपासून करू नका. आधी बॅटरीवरचा हेडफोन ॲम्प बांधा, महिनाभर वापरा, मग फोनोकडे वळा. हे मी नुसतं जपून राहावं म्हणून सांगत नाही. तुमच्या बेतात हेडफोन ॲम्प तसाही लागणारच आहे, कारण फोनो प्रीॲम्पला हेडफोन थेट लावता येत नाही.

का ते आकड्यांत बघा. ३२ ओहमच्या हेडफोनला १ मिलिवॉट द्यायचा तर साधारण ०.१८ व्होल्ट आणि ५.६ मिलिॲम्पिअर लागतात. व्होल्ट फार नाहीत, पण करंट बघा. ईसीसी८३च्या एका काचेत दोन सारखे व्हॉल्व्ह असतात. त्यातल्या एका अर्ध्या भागातून नेहमीच्या जोडणीत सगळा मिळून १ मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट वाहतो. बाहेर पडताना त्याचा स्वतःचा अडथळा ३८ किलोओहमच्या घरात असतो. त्यावर ३२ ओहमचा हेडफोन लावणं म्हणजे बागेच्या बारीक नळीवर आगीचा बंब चालवणं. ३०० ओहमचा सेनहायजर एचडी६०० असता तर ६०८० किंवा ६एएस७ सारख्या दणकट व्हॉल्व्हचा, आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसलेला ॲम्प चालला असता. तुमच्या ३२ ओहमला तोही रुचत नाही.

तर हेडफोन ॲम्प. चू मॉय नावाच्या गृहस्थांनी मांडलेलं, जगभर 'सीमॉय' म्हणून ओळखलं जाणारं सर्किट घ्या. एक दुहेरी ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारी आयसी), आठ-दहा रेझिस्टर, चार-सहा कपॅसिटर, बस्स. परदेशात लोक पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवतात, मी शाळेच्या कंपासपेटीत बसवला. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक छोटी सर्किट प्लेट आणि आवाज कमी-जास्त करायचा पॉट त्यात जेमतेम मावतात, आणि पत्रा असल्यामुळे बाहेरची गुणगुण आत येत नाही.

मूळ सर्किटात मी दोन बदल करतो. मूळ आराखडा एकाच बॅटरीचे दोन रेझिस्टरनी दोन भाग पाडतो. मी सरळ दोन बॅटऱ्या वापरतो, म्हणजे मधली जमीन (ग्राउंड, शून्य व्होल्टचा बिंदू) खरीखुरी मिळते. दुसरा बदल गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्याचा. मूळ गेन ११ आहे. आजचे फोन आणि डॅक (डिजिटल आवाजाचा सिग्नल करणारे डबे) मुळातच १ ते २ व्होल्ट देतात, त्यांना ११ पट केलं तर पॉट जरासा फिरवताच कान फाटतात आणि सगळं ऐकणं पॉटच्या पहिल्या कोपऱ्यात अडकतं. स्वस्त पॉटची डावी-उजवी बाजू नेमकी त्याच कोपऱ्यात जुळत नाही. फीडबॅकला २ किलोओहम आणि जमिनीकडे १ किलोओहम लावा, गेन ३ झाला. पॉट घेताना 'ए१०के' असं लिहिलेला मागा. तो लॉग, म्हणजे फिरवताना कानाला आवाज सारखा वाढल्यासारखा वाटतो. काउंटरवरचा पोरगा 'सेमच आहे' म्हणत 'बी१०के' हातात ठेवील, तो लिनिअर आहे, घेऊ नका.

ऑपॲम्प ओपीए२१३४. इथे एक घोळ सांगून ठेवतो. एकदा ऑनलाइन स्वस्तात मिळतात म्हणून मी दहा मागवले. छपाई सुबक, पाय चकचकीत. बांधल्यावर आवाज आला, पण काहीतरी पिचकल्यासारखा. बॅटरीच्या वायरीत मीटर घातला. ओपीए२१३४च्या दोन्ही भागांनी मिळून ८ मिलिॲम्पिअर खायला हवेत. मीटर ३ च्या खालीच रेंगाळला. एवढा कमी करंट टीएल०७२ हा स्वस्तातला ऑपॲम्प खातो. दुकानदाराला लिहिलं, त्याने ताकास तूर लागू दिली नाही. तेव्हापासून लेबलआधी मी करंट वाचतो.

तोच मीटर दुसऱ्या कामालाही येतो. ऑपॲम्प कधी कधी आपल्या ऐकण्यापलीकडच्या वेगाने आपलाच आपण किंचाळत असतो, म्हणजे ऑसिलेट होतो. ऑसिलोस्कोप नसला तरी कळतं. सिग्नल नसताना आयसीला बोट लावून बघा. कोमट नाही, गरम लागला आणि करंट ८ ऐवजी २५-३० दिसला, तर समजा. उपाय बहुतेक वेळा साधा असतो. ०.१ मायक्रोफॅरडचे डीकपलिंग कपॅसिटर आयसीच्या पुरवठ्याच्या पायांना अगदी चिकटून हवेत, दोन इंचांवर नकोत. आणि बाहेर पडताना ३.३ ओहमचा एक रेझिस्टर घाला, म्हणजे हेडफोनच्या वायरीची कपॅसिटी ऑपॲम्पच्या थेट अंगावर येत नाही. त्याहून मोठा नको. ॲम्पचा अडथळा हेडफोनच्या आठव्या हिश्शाच्या आत राहिलेला बरा, आणि ३२ चा आठवा हिस्सा ४.

हेडफोन खुपसण्याआधी जॅकवर डीसी मोजा. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे जा, ५० च्या वर असेल तर थांबा आणि चूक शोधा. पहिली चाचणी रस्त्यावरच्या शंभर रुपयांच्या इअरफोनवर, कानात न घालता. स्विच मात्र दोन्ही बॅटऱ्या एकदम तोडणारा, दुहेरी घ्या. एकच बॅटरी सुटली तर आउटपुट एका टोकाला जाऊन बसतं आणि तो सगळा डीसी हेडफोनच्या कॉइलमध्ये जातो.

हे नीट वाजलं की फोनो. इथे घाई चालत नाही, आणि कारण फक्त शॉकचं नाही.

रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात आणि तार सप्तकाकडचा भाग उचलतात. खर्ज पूर्ण ताकदीने कापला तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल, आणि वरचा भाग उचलला नाही तर खरखरीत बुडेल. वाजवताना हे उलटं करायचं असतं. याला आरआयएए वक्र म्हणतात. त्याचे तीन कालांक ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ. आता गंमत बघा. हा वक्र ५० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या मानाने १७ डेसिबल, म्हणजे सातपट उचलतो. आणि आपल्या भिंतीतली वीज नेमकी ५० हर्ट्झची.

दोन टप्प्यांच्या ईसीसी८३ प्रीॲम्पचा १००० हर्ट्झला गेन ३८० च्या आसपास येतो. तुमच्या कार्ट्रिजचे ४ मिलिव्होल्ट दीड व्होल्ट होऊन बाहेर पडतात. पण ५० हर्ट्झला हाच गेन अडीच हजारांच्या वर जातो. पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत शिरतो त्या टोकावर, १० मायक्रोव्होल्टची गुणगुण शिरली तर बाहेर २५ मिलिव्होल्टहून जास्त, म्हणजे संथ आलापात स्पष्ट ऐकू येईल इतकी. त्याच व्हॉल्व्हच्या पोटात, ग्रिडपासून काही मिलिमीटरवर, ६.३ व्होल्ट एसीचा हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारी तार, जळत असतो. सहा लाखांतला एक भाग जरी पाझरला तरी तेवढी गुणगुण होते. म्हणून गिटार ॲम्पमध्ये हीटरला एसी चालतं, फोनोत मी देत नाही.

डीसी हीटरसाठी फार खटाटोप नको. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), मोठा कपॅसिटर आणि ७८१२ हा १२ व्होल्टचा रेग्युलेटर. त्याच्या जमिनीच्या पायात एक १एन४००७ डायोड सरळ दिशेने घातला की १२ चे १२.६ होतात, आणि ईसीसी८३ला पिन ४ आणि ५ मध्ये तेवढेच हवेत, कारण तिथे ६.३ चे दोन अर्धे हीटर ओळीत येतात. पिन ९ मोकळी. प्रत्येक व्हॉल्व्ह १५० मिलिॲम्पिअर खातो. दोन ईसीसी८३ आणि बाहेर पडायला, अडथळा कमी करणारा एक ईसीसी८२ कॅथोड फॉलोअर, असे तिघांचे ४५०. ७८१२ वर तीनेक वॉट उष्णता पडते, हीटसिंक मोठा लावा.

वरचा पुरवठा, म्हणजे व्हॉल्व्हच्या ॲनोडला (सिग्नल बाहेर काढायच्या टोकाला) जाणारा, हवा २८० व्होल्टचा. व्हॉल्व्हचे खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळतात, पण पहिल्या खेपेला एवढा खर्च नको. १२ व्होल्ट १ ॲम्पिअरचे दोन साधे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडा. पहिला २३० चे १२ करतो, दुसरा उलटा लावून १२ चे पुन्हा २३० करायला जातो. घट वजा होऊन हाती दोनशेच्या आसपास एसी येतात, रेक्टिफायरनंतर २८० डीसी. भिंतीपासून वेगळेपणही मिळतं. ट्रान्सफॉर्मर वाचवून भिंतीचे २३० थेट रेक्टिफाय करण्याचं सर्किट कुणी दाखवलं, तर ते बघूसुद्धा नका. त्यात टर्नटेबलच्या धातूच्या आर्मवरही वीज उतरू शकते.

कपॅसिटर ४५० व्होल्टचेच घ्या, ३५० वर भागवू नका. व्हॉल्व्ह तापेपर्यंत करंट खात नाहीत, तोवर व्होल्टेज चढलेलं असतं, आणि रात्री आपल्याकडे लाइन २५० ला टेकणं काही नवल नाही.

आता शॉकबद्दल. नव्वदच्या दशकात मी पहिला व्हॉल्व्ह प्रीॲम्प बांधला. बंद केला, प्लग काढला, स्वयंपाकघरात जाऊन चहा घेऊन आलो आणि वायर हलवायला बोट घातलं. कोपरापर्यंत झिणझिण्या, कप फरशीवर. कपॅसिटर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर मी लावला होता, पण त्याचा एक जोड ड्राय सोल्डर निघाला, वरून चमकणारा, आतून सुटलेला. आता ४७ मायक्रोफॅरडच्या प्रत्येक कपॅसिटरवर १०० किलोओहम १ वॉटचे दोन रेझिस्टर एकामागे एक लावतो. एकच पाव वॉटचा लावू नका, तो बहुधा २५० व्होल्टपर्यंतच सोसतो. दोघांनी मिळून मिनिटभरात कपॅसिटर एका व्होल्टच्या आत येतो. तरीही हात घालण्याआधी मीटर लावून बघतो, दर वेळी. चालू सर्किटात मोजायचं झालं तर काळी क्लिप आधी चासीला (धातूच्या डब्याला) अडकवायची, डावा हात खिशात, पायात रबरी चप्पल.

सर्किटातला सगळ्यात देखणा भाग आरआयएएचं जाळं. फीडबॅकवाली सर्किटंही चांगली असतात, पण पहिल्यांदा दोन टप्प्यांच्या मध्ये बसणारं निष्क्रिय जाळं करा. यात चारच वस्तू: ओळीत एक रेझिस्टर आर१, मग जमिनीकडे एक छोटा कपॅसिटर सी२, आणि त्याला समांतर आर२ व मोठा कपॅसिटर सी१ यांची ओळीतली जोडी. नातं असं: आर१ गुणिले सी१ म्हणजे २१८७ मायक्रोसेकंद, आर१ गुणिले सी२ म्हणजे ७५०, आर२ गुणिले सी१ म्हणजे ३१८. सी१ला १० नॅनोफॅरड धरा. मग आर१ येतो २१८.७ किलोओहम, आर२ ३१.८ किलोओहम आणि सी२ ३.४३ नॅनोफॅरड.

असले आकडे बाजारात मिळत नाहीत म्हणून नवखा घाबरतो. पण व्हॉल्व्ह स्वतःच उरलेला भाग भरून देतो. पहिल्या टप्प्याचा आउटपुट अडथळा ३८ किलोओहमच्या घरात, त्याला १८० किलोओहमचा बाजारी रेझिस्टर जोडला की झाले २१८. दुसऱ्या टप्प्याच्या ग्रिडवर ॲनोड-ग्रिडमधली १.६ पिकोफॅरडची कपॅसिटी गेनमुळे साठपट फुगून १०० पिकोफॅरड होते, सॉकेट आणि वायरी धरून १२०-१३०. याला मिलर परिणाम म्हणतात. ३.३ नॅनोफॅरडचा साधा कपॅसिटर लावा, हे १३० त्यात पडले की ३.४३. आर२ साठी ३० आणि १.८ किलोओहम ओळीत. हे पहिल्यांदा कागदावर जुळलं तेव्हा मी रात्री एकटाच हसलो होतो.

एक खाच मात्र आहे. दुसऱ्या टप्प्याचा १ मेगओहमचा ग्रिड रेझिस्टर थेट ग्रिडवर लावला तर जाळ्याचे आकडे बिघडतात. तो कपलिंग कपॅसिटरनंतर पण १८० किलोओहमच्या आधी लावा. ग्रिडला जमीन १८० मधून मिळते, आणि चूक एका टक्क्याच्या आत राहते. जाळ्यातले कपॅसिटर पॉलीप्रॉपिलिन किंवा स्टायरोफ्लेक्स. साधे सिरॅमिक इथे नकोत. व्होल्टेजनुसार त्यांची किंमत सरकते, आणि टिचकी मारली तर वाजतात. दहा-दहा घेऊन कपॅसिटर मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर जोड्या लावा. डाव्या-उजव्या बाजू एकमेकींशी जुळणं हे पुस्तकी आकड्याशी जुळण्याइतकंच महत्त्वाचं.

मिलर पुढे मदत करतो आणि इनपुटला तोच नडतो. तुमच्या कार्ट्रिजला ४७ किलोओहम आणि १०० ते २०० पिकोफॅरड हवेत. पहिल्या व्हॉल्व्हचे १२० आणि आर्म-केबलचे १०० ते १५० धरले तर आपण आधीच मर्यादेबाहेर गेलो. म्हणून जुन्या आराखड्यांत इनपुटला दाखवलेला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावू नका, आणि केबल आखूड ठेवा. हा जास्तीचा भार सतारीच्या तारेला उगाच एक चिरकी धार आणतो. दोष मग कार्ट्रिजच्या माथी जातो.

एवढं करूनही गुणगुण राहिली तर आधी तिचा सूर ओळखा. ५० हर्ट्झचा जाड 'घूं' असेल तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा जमिनीचा वेढा (ग्राउंड लूप, म्हणजे जमिनीच्या दोन वाटांनी बनलेलं कडं). १०० हर्ट्झ, म्हणजे त्याचा वरचा सूर असेल तर रेक्टिफायरनंतरचं फिल्टरिंग कमी पडतंय. आणि करवतीसारखी 'झर्र' असेल तर आधी पंख्याचा रेग्युलेटर बंद करून बघा. एकदा मी दोन रविवार सर्किट उसवत बसलो होतो आणि दोषी निघाला शेजारच्या खोलीतला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा पूर्ण वेगावर नेताच झर्र गायब.

ट्रान्सफॉर्मरसाठी माझी पद्धत अशी: चासीला भोक पाडण्याआधी तो लांब वायरींवर मोकळा ठेवायचा, त्याच्या टोकांना आधी नीट स्लीव्ह चढवायच्या, आणि हेडफोन कानाला लावून तो लाकडी पट्टीने हळूहळू फिरवायचा. एका कोनात गुणगुण एकदम बसते. तिथे पेन्सिलीने खूण, मग ड्रिल. तुमचा कंपासपेटीतला बॅटरीवाला ॲम्प इथे कामाला येतो. त्याची स्वतःची गुणगुण शून्य, त्यामुळे ऐकू येतं ते सगळं नव्या सर्किटाचं.

सिग्नलची जमीन एकाच बिंदूवर, इनपुट जॅकपाशी, चासीला जोडा. टर्नटेबलची हिरवी अर्थवायर तिथेच. चासी तीन-पिन प्लगच्या अर्थला पक्की. अर्थ काढली की गुणगुण थांबते असा सल्ला कुणीतरी देईल. थांबतेही. फक्त मग चासीला वीज उतरली तर ती तुमच्यामार्फत जमीन शोधते. वाड्यात किंवा जुन्या चाळीत राहत असाल तर तिसरं भोक नुसतं शोभेचं नाही ना, हे वायरमनकडून तपासून घ्या.

व्हॉल्व्ह कुठे मिळतील? मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्लीत विचारत फिरा. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कधी मोडक्या रेडिओत बंगळूरच्या बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) व्हॉल्व्ह सापडतात. नवे हवेत तर स्लोव्हाकियाचे जेजे मागवा. तीन-चार घ्या, चालू करून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. जो सगळ्यात कमी 'टण्ण' करील तो पहिल्या जागी. पहिल्यांदा चालू केल्यावर आकडे असे दिसावेत: ॲनोडवर १६० ते २००, कॅथोडवर दीड व्होल्टच्या आसपास. ॲनोडवर सगळेच्या सगळे २८० दिसले तर व्हॉल्व्हमधून करंट वाहत नाहीये. आधी हीटर बघा, मग कॅथोडचा रेझिस्टर.

व्हॉल्व्ह लावला की आवाज गोड होतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. माझ्या मते फोनोत नाही. नीट बांधलेला व्हॉल्व्ह फोनो आणि नीट बांधलेला एनई५५३२ या ऑपॲम्पचा फोनो यांत डोळे झाकून फरक सांगणं फार कठीण, आणि खरखर मोजली तर ५५३२ च बहुधा जिंकतो. ज्याला लोक गोडवा म्हणतात तो पुष्कळदा चुकलेला आरआयएए असतो. मी व्हॉल्व्ह बांधतो कारण बांधायला आवडतं, आणि दिवा मालवल्यावर ती नारिंगी वात दिसते.

राहिली एक गोष्ट. साठांत काही जड, ठिसूळ, दहा इंची तबकड्या असतील तर त्या ७८ आरपीएमच्या. त्या या सुईने वाजवू नका. त्यांची खाच रुंद असते, वेगळी जाड सुई लागते, आणि आरआयएए वक्रही त्यांना लागू होत नाही, कारण त्यातल्या बहुतेक त्या वक्राच्या आधीच्या. त्या तूर्त कापडात गुंडाळून उभ्या ठेवा.